मातीच्या नकाशातली दुसरी नदी

गुरुजी,

"सुट्टीनंतर बघू, मॅडम," असं म्हणून तुम्ही मोटारसायकलला किक मारलीत आणि दिवाळीच्या सुट्टीतच गेलात. भांडण अर्ध्यावर सोडून जायची तुमची खोड जुनीच. माझा आवाज चढला की "पोरं बघतायत" म्हणत तुम्ही वर्गात शिरायचात. पण दुसऱ्या दिवशी डबा उघडता उघडता, काल जिथं थांबलो होतो तिथूनच पुन्हा बोलायला लागायचात. या खेपेला मी सुट्टीभर माझे मुद्दे तयार करत होते. माहेरी करंज्या लाटताना माझ्या डोक्यात तुम्हीच होतात, आणि तेही रागानं. फोन आला तेव्हा माझे हात पिठाचे होते. छातीत कळ आली आणि जव्हारहून पुढं न्यायच्या आत सगळं संपलं, असं तुमचा धाकटा भाऊ सांगत होता. मी त्याला म्हटलं, "असं कसं, आमचं अजून ठरलं नव्हतं." त्याला काय कळणार. तो बिचारा "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत राहिला.

तुमच्या दिवसांना मी तुमच्या घरी, जामसरला आले होते. अंगणात ताडपत्री टाकली होती. तुमचे जुने विद्यार्थी, आता मिशा आलेले, एकेक करून उठून बोलले. गुरुजी देवमाणूस होते, कधी कुणाला दुखावलं नाही, कधी आवाज चढवला नाही. मी ऐकत बसले. तुम्ही मला किती वेळा दुखावलंय आणि ओढ्यापलीकडच्या पोरांना हाक मारायला तुमचा आवाज कुठवर चढायचा, हे मला माहीत. उठून सांगावं असं वाटलं, पण दोन शिक्षकांच्या शाळेत दोघं काय बोलतात ते तिसऱ्याला सांगून कळत नाही. मी चहा घेतला आणि शेवटच्या एसटीनं परत आले.

आता शाळेत मी एकटी. पहिली ते चौथी एकाच खोलीत बसवते. दुसरा शिक्षक कधी देणार ते कुणी सांगत नाही. तुमच्या खुर्चीवर खडूचे डबे ठेवलेत, म्हणजे कुणी बसायला नको. परवापरवापर्यंत रडायला मला वेळच झाला नव्हता. हे मी कौतुकानं सांगत नाही. तुमच्याविरुद्धच्या तक्रारींत ही एक धरा.

ज्याच्यावरून आपण भांडलो तो नकाशा सुट्टीनंतर मी आले तेव्हा अंगणात होता, म्हणजे पावसानं त्यातला जेवढा ठेवला होता तेवढा. भातकापणी आटपत आली की तुम्ही पोरांना ओहोळावरून चिकणमाती आणायला लावायचात. शाळेच्या मागच्या बांधापासून व्हरांड्याच्या पायरीपर्यंत उतारावर डोंगर, पठार, खोरं असं सगळं उभं राहायचं. पाड्यातली घरं म्हणजे दगड, जंगल म्हणजे करवंदीच्या डहाळ्या. मधोमध बोटानं ओढलेली नदी. वरून कुणीतरी तांब्याभर पाणी सोडायचं आणि ते वळसे घेत खाली पायरीशी जाऊन साचायचं. पायरी म्हणजे समुद्र. शाळेत शिरताना मी कितीदा समुद्र ओलांडलाय.

पहिल्या वर्षी तो बघितला तेव्हा मी नवी होते, डी.एड.चा ताठा उतरला नव्हता. मी म्हटलं, "गुरुजी, हा आडवा झालाय. वर उत्तर पाहिजे. तुमच्या वर तर पूर्व आहे."

"आमच्याकडं वर डोंगर असतो आणि खाली समुद्र," तुम्ही म्हणालात. "पाणी खाली जातं, माणसं खाली जातात. पोरांना आधी एवढं कळू दे. उत्तर कुठं पळून जात नाही."

"आणि परीक्षेत?"

"परीक्षेत कागद फिरवून धरायचा."

मी कृष्णाकाठची. आमच्याकडं नदी उगवतीकडं जाते. हे एकदा पोरांसमोर माझ्या तोंडून गेलं आणि तुम्हाला आयतं कोलीत मिळालं. "बाईंच्या गावाला पाणी उलटं वाहतं रे," म्हणून तुम्ही आख्ख्या वर्गाला हसवलंत. पोरांचा विश्वासच बसेना. नदी समुद्राकडं पाठ करून कशी जाईल? मग तुम्ही बांधाच्या पलीकडं, मागच्या बाजूला, अजून एक उतार करून दिलात आणि म्हणालात, "आता बाई शिकवतील." मी त्या दिवशी सह्याद्री शिकवला. एकाच बांधावर पडलेल्या पाण्याच्या दोन वाटा कशा होतात ते पोरांनी आपल्या हातानं पाणी ओतून बघितलं. पुस्तकातला तो धडा मी आधीही शिकवला होता, पण वर्ग इतका गप्प कधी झाला नव्हता. तुमचे आभार तेव्हा मानायचे राहिले, कारण तुम्ही मला हसला होतात आणि मी रुसले होते.

शिरपामाळची सहल आठवते? बाकीच्या शाळांची पोरं झेंड्यापाशी फोटो काढत होती, महाराज इथं थांबले होते ते मोठमोठ्यानं ऐकत होती. तेवढं आपणही ऐकलं. मग तुम्ही आपल्या पोरांना मावळतीकडं तोंड करून बसवलंत आणि विचारलंत, "तिकडं खाली काय आहे?"

मला वाटलं, वसई म्हणतील, मुंबई म्हणतील. तेव्हा पहिलीत असलेला किसन म्हणाला, "तिकडं माझी भट्टी हाय." मग सगळेच सुरू झाले. माझी भट्टी, आमची भट्टी, मामाची रेतीची बोट. दिवाळीनंतर घरं बंद करून आईबापाबरोबर वीटभट्टीवर जाणारी पोरं ती. हात सगळ्यांचे मावळतीकडं, पण प्रत्येकाचं बोट वेगळीकडं. कुणाला गावाचं नाव सांगता येत नव्हतं. ट्रकमध्ये झोप लागते, जाग येते तेव्हा भट्टी आलेली असते. भट्टीवरून घर कुठल्या बाजूला, असं तुम्ही विचारलंत तेव्हा सगळे तुमच्याकडं बघत राहिले.

परत येताना एसटीत तुम्ही माझ्या पुढच्या बाकावर होता. मान न वळवता म्हणालात, "मॅडम, मीपण गेलोय लहानपणी. निम्मं वर्ष मी कुठं असायचो ते मला कुणी सांगितलंच नाही. मोठेपणी नोकरी लागल्यावर मोटारसायकल घेऊन शोधत फिरलो. एक चिंच आठवते, नदीचा काठ आठवतो. अशा चिंचा सतराशे साठ. सापडलं नाही."

तुम्ही एवढंच बोललात आणि सुटे पैसे मोजत बसलात. तुम्ही भूगोलासाठी इतके हट्टी का, ते मला त्या दिवशी कळलं.

त्याच वर्षी तुम्ही परतीचा पाठ सुरू केलात. म्हणजे नाव मी दिलं, तुम्ही त्याला नुसतं "वाट" म्हणायचात. पोर जायच्या आदल्या दिवशी तुम्ही त्याला नकाशाच्या खालच्या टोकाला बसवायचात. त्याची भट्टी कुठं ते मुकादमाला, बापाला विचारून काढलेलं असायचं. तिथं विटेचा तुकडा ठेवायचा. मग पोरानं तिथून बोट उचलायचं आणि नदीच्या घळीतून उलटं, पाण्याच्या विरुद्ध, घरापर्यंत न्यायचं. वाटेत काय काय लागतं ते मोठ्यानं म्हणायचं. पूल, बाजार, घाट, आंब्याचं वळण, पाडा. "पाणी जिथून येतं तिकडं घर," हे तर पहिलीतली पोरंही म्हणायची.

मला तो पाठ आवडायचा. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, आणि नंतर सांगण्यासारखं राहिलं नाही.

कारण गेल्या हिवाळ्यात रोशनी चालत निघाली.

रोशनी तेव्हा तिसरीत होती. वाड्याच्या बाजूला, वैतरणेच्या काठावर त्यांची भट्टी. एके दिवशी दुपारी आईबाप विटा थापत होते आणि ती खोपीतून निघाली. पाणी उजव्या हाताला धरलं असतं तर समुद्राकडं गेली असती. तिनं बरोबर डाव्या हाताला धरलं आणि पाण्याच्या विरुद्ध चालू लागली. पाठ तिला चोख येत होता. पण ती होती दक्षिणेच्या काठावर. आपल्या पाड्याची नदी पिंजाळ, ती पलीकडच्या बाजूनं येऊन वैतरणेला मिळते. रोशनीला पलीकडं ते तोंड दिसलं. तिला तो कुठला तरी ओढा वाटला. तुमच्या नकाशात नदी एकच होती ना, गुरुजी. तिनं मोठं पाणी धरलं, वैतरणेच्या काठानं चालत राहिली, आणि प्रत्येक पावलाला घरापासून लांब गेली.

संध्याकाळी तिला मासे धरणाऱ्या बायकांनी बघितलं. पाय फुटले होते, थंडीनं ओठ काळे पडले होते. कुठली गं तू, विचारलं तर पाड्याचं नाव सांगे. त्या भागात ते नाव कुणी ऐकलेलं नाही. कुठं आहे तुझा पाडा? म्हणे, "ह्याच नदीच्या वर." भट्टीच्या गावाचं नाव तिला येत नव्हतं. त्या बायका भल्या. त्यांनी तिला भाकरी दिली, चुलीपाशी झोपवलं, सकाळी पोलीस पाटलाकडं नेलं. तिकडं आईबाप रात्रभर नदीत काठ्या घालून शोधत होते.

ती सापडल्याचा निरोप शाळेत आला तेव्हा तुम्ही ओट्यावर बसलात ते उठेनात. मी पाणी आणून दिलं. तुम्ही पेला हातात धरून ठेवलात, प्यायला नाहीत.

शिमग्याला ती माणसं परत आली. रोशनीची आई शाळेत आली आणि दारातूनच म्हणाली, "गुर्जी, तुमी माझ्या पोरीला वाट दावली." राग आहे की आभार आहेत, मला कळेना. तुम्हालाही कळलं नसावं. रोशनी तिच्या मागं उभी होती, तोंडात बोट घालून. मी तिला जवळ घेऊन विचारलं, कुणी मारलं का, ओरडलं का, का निघालीस गं? ती म्हणाली, "कुनी नाय मारला."

"मग का गेलीस?"

"वाट म्हायती होती म्हनून."

ते ऐकलं आणि माझं मत ठरलं. पाठ बंद. आठ वर्षांच्या पोरीला तुम्ही चालायचं कारण दिलंत, असं मी तुम्हाला तोंडावर म्हटलं. पोरांना भट्टीच्या गावाचं नाव शिकवा, तालुका शिकवा, आईचा फोन नंबर पाठ करून घ्या, जागचं हलायचं नाही हे शिकवा. वाट शिकवू नका.

"फोन बापाच्या खिशात असतो, मॅडम," तुम्ही म्हणालात. "हरवतं ते पोर."

"म्हणून त्यानं चालत निघायचं?"

"पाठ चुकीचा नव्हता. अर्धा होता. मी अर्धा शिकवला."

मधे एका रविवारी तुम्ही मोटारसायकल घेऊन त्या संगमावर गेलात. मला सोमवारी सांगितलंत. "ती जिथून गेली त्याच काठावर उभा राहिलो. मॅडम, मलापण ओढाच वाटला असता." इतकी वर्षं शिकवलं आणि ती जागा डोळ्यांनी बघितली नव्हती, असं तुम्ही म्हणालात. तुमचा आवाज असा कधी ऐकला नव्हता मी. त्या वेळी मी गप्प बसायला हवं होतं की नाही, कोण जाणे. मी म्हटलं, "मग आता तरी सोडा." तुम्ही म्हणालात, "आता तर सोडता येत नाही. तिच्या डोक्यात अर्धा बसलाय. दुसरी नदी काढायला पाहिजे."

पावसाळाभर आपलं हेच चाललं. रोपणीच्या सुट्टीत, गणपतीत, चाचणी परीक्षेचे पेपर तपासताना. तुमची छाती दुखते असं तुम्ही एकदाही बोलला नाहीत. नुसता नकाशा, नकाशा. मी चिडून म्हटलं होतं, पोर म्हणजे तुमचा नकाशा बरोबर की चूक ते बघायची वस्तू नव्हे. सुट्टीनंतर बघू, म्हणालात.

सुट्टी संपली. शाळा उघडल्यावर पहिल्याच दिवशी पोरांनी विचारलं, "बाई, औंदा माती आनायची ना?" मी म्हटलं, नाही, औंदा पुस्तकातून. भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा काढला, वर उत्तर, सगळं रीतसर. सूची वाचून घेतली. पोरांनी निमूटपणे वाचली. तुम्ही असतात तर मला वाटलं असतं की मी जिंकले.

हातपंपापाशी टेम्पो उभे राहायला लागले तसा वर्ग रिकामा व्हायला लागला. आज साखरशेतच्या बाजूची दोन घरं गेली, उद्या ओहोळापलीकडची. दर सकाळी हजेरी घेताना मी नाव पुकारायचे आणि पोरंच सांगायची, "ती गेली, बाई." पाठाविना गेली. मी स्वतःला सांगत होते, बरंच झालं. जागची हलणार नाहीत. आणि घरी येऊन भाताचा कुकर लावला की डोळ्यांपुढं ट्रकमध्ये झोपलेली पोरं यायची. ते तुमचंच काम. तुम्ही ती चिंचेची गोष्ट मला सांगायला नको होती.

मग रोशनीची आई आली. कडेवर धाकटं, डोक्यावर नाचणीची गोणी गिरणीला चाललेली. म्हणाली, "परवा आमी निघतू, बाई. पोरीचा पाठ झाला का?"

मला वाटलं, झाला असेल तर भांडायला आलीय. मी घाईनं म्हटलं, "नाही नाही. तो पाठ आता बंद. तुम्ही काळजी करू नका."

तिनं गोणी ओट्यावर टेकवली. "बंद कशाला?"

"अहो, मागं एवढं झालं."

"मंग? तिच्या डोक्यातून तुमी वाट काढून घेनार हाव?" ती शांतपणे बोलत होती. "ती पोर रोज मनत्ये, आये, मी चुकली कथं? कथं चुकली? मी काय सांगू? मी कदी बघलीय ती नदी? दिसभर विटा थापायच्या, वर डोका करून बघायला सवड नाय. गुर्जी असतं त त्यांनी सांगितला असता."

"आणि पुन्हा निघाली तर?"

"निंगायची ती निंगंलच. बांधून ठेवू का? पन जाईल त आंधली नको जायाला."

ती गोणी उचलून गेली. गुरुजी, पावसाळाभर तुम्ही जे मला पटवू शकला नाहीत ते तिनं पटवलं असं नाही. मला अजूनही पटलेलं नाही. पण ज्या बाईनं आपल्या पोरीसाठी नदीत काठ्या घातल्या, तिच्यापुढं मी माझे मुद्दे बाजूला ठेवले.

दुसऱ्या दिवशी आम्ही माती आणली. उरलेली सगळी पोरं लागली. उतार कसा धरायचा ते मला नीट जमेना, पाणी मधेच तुंबायचं. चौथीतला किसन म्हणाला, "गुर्जी आधी पायानं दाबायचं." मग मी चपला काढल्या आणि मातीत उतरले. साडीचा काठ चिखलानं भरला. पूर्व वरच ठेवली. उत्तर दाखवली, डाव्या हाताला, पण वर नेली नाही. एवढं तुमच्या पदरात पाडून घ्या.

दुसरी नदी रोशनीला काढायला दिली. मी फक्त कुठून येते आणि कुठं मिळते ते सांगितलं. तिनं खूप वेळ लावला. बोटानं घळ खणली, काठ थापले, पुन्हा खणली. मग दोन्हीकडून पाणी सोडलं. दोन पाणी एकत्र आलं तिथं ती उकिडवी बसून राहिली. वर्गातली बाकीची पोरं दुसरीकडं खेळायला गेली तरी ती उठेना. मला तुम्ही तिथं हवे होतात. बोलायला नव्हे, नुसते तिला बघायला.

मी माझा पाठही त्यात घातला. संगमावर मोठा दगड ठेवला आणि म्हटलं, इथं थांबायचं. याच्या पुढं एकट्यानं जायचं नाही. बायामाणसं दिसतील तिथं जायचं, भट्टीच्या गावाचं नाव सांगायचं, पाड्याचं, तालुक्याचं नाव सांगायचं, माझा फोन नंबर सांगायचा. सगळ्यांकडून घोकून घेतलं. रोशनीकडून जास्तच. ती घडाघडा म्हणायची, एक अक्षर चुकत नव्हती. मला वाटलं, चला, निम्मा पाठ तुमचा, निम्मा माझा. आपलं मिटलं म्हणायचं. त्या दिवशी संध्याकाळी मी तुमच्यासाठी पहिल्यांदा रडले, आणि मोकळी होऊन रडले.

परवा ती माणसं निघाली. ट्रकमध्ये आधीच इतर पाड्यांची माणसं होती. भांडी, गोधड्या, कोंबड्यांचा झाप, त्यावर पोरं. मी मुद्दाम लवकर आले होते. रोशनी फळीला धरून उभी होती, डोक्याला तेल, नवा फ्रॉक. मी खालून विचारलं, "काय गं, वाट चुकली तर काय करायचं?"

"दगडापाशी थांबायचं. म्हंजे संगमाव. बायांना सांगायचं." मग गावाचं नाव, पाड्याचं नाव, नंबर. सगळं बरोबर.

"शाब्बास," मी म्हटलं.

ट्रक सुरू झाला. तिनं वाकून, मला नीट ऐकू जावं म्हणून तोंडाभोवती हात धरून सांगितलं, "पन मी नाय चुकायची आता, बाई. दुसरी नदी म्हायती झाली ना." आणि हसली. इतकी खूश मी तिला कधी बघितलं नव्हतं.

मी ट्रकमागं गेले. वळणापर्यंत हाका मारल्या. तिला वाटलं, निरोप देतेय. तीही हात हलवत राहिली. मग तिच्या आईला फोन लावला, पण घाटात रेंज जाते हे तुम्हाला माहीत आहे. दुपारी लागला. मी सांगितलं, तिच्यावर लक्ष ठेवा, ती पुन्हा निघेल. आई म्हणाली, "व्हय बाई, ठेवतू," आणि मागं कुणीतरी माल उतरवायला हाका मारत होतं.

माझे मुद्दे सगळे खरे होते, गुरुजी. तुमचेही खरे होते. तुम्ही असतात तर आज डबा उघडता उघडता म्हणाला असतात, "बघा मॅडम, शिकली की नाही," आणि मी तुमच्यावर अशी तुटून पडले असते की पोरांनी खिडकीतून डोकावलं असतं. काही बरंवाईट झालं तर ते तुमच्या पाठामुळं, असं मला म्हणता आलं असतं. आता पाठ मी दिलाय. शिमग्याला ती परत येईपर्यंत हे भांडण चालूच राहणार, आणि दोन्ही बाजूंनी मला एकटीलाच भांडायचंय.